पाकिटावरचं अक्षर

फर्डिनांड झोउहारला फाशी होईल त्या दिवशी घालायचा म्हणून हेडविका स्मेयकालोवाने काळा झगा इस्त्री करून ठेवला होता. ब्रेझोवेत्स गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण तिने ती लपवलीच नव्हती. पोस्टात टपालाची वर्गवारी करताना कुणी विचारलं तर ती सरळ सांगे, "झगा तयार आहे. आता दोर तयार होऊ दे."

तिचा नवरा आलोइस गावचा शाळामास्तर. बेचाळीसच्या जूनमध्ये, प्रागला जर्मनांच्या बड्या साहेबावर बॉम्ब पडल्यानंतरच्या त्या भयानक आठवड्यांत, कुणीतरी गेस्टापोला निनावी पत्र लिहिलं की मास्तर लंडनचा रेडिओ ऐकतात आणि साहेब मेला म्हणून खूश आहेत. चौथ्या दिवशी त्यांना नेलं. नवव्या दिवशी लाल कागदावर छापलेल्या, गोळ्या घातलेल्यांच्या नावांत त्यांचं नाव चौकातल्या भिंतीवर चिकटलं. हेडविकाने ते शिक्के मारायला जाता जाता वाचलं, आणि त्या दिवशीही तिने संध्याकाळपर्यंत शिक्के मारले.

तिला आतून पोखरत होती ती वेगळीच गोष्ट. युद्धाच्या काळात गेस्टापोच्या पत्त्यावर जाणारी पत्रं ती वाफेवर उघडून वाचायची. चहाडीचं असेल ते चुलीत. अशी अकरा पत्रं तिने जाळली होती, अकरा घरं वाचवली होती. आणि आपल्या घरावर बेतलेलं पत्र तेवढं तिच्या हाताखालून गेलंच नाही.

लिहिणारा कोण, याबद्दल गावाला शंका नव्हती. झोउहारचा गुत्ता चौकात होता, जर्मन शिपाई तिथेच बियर ढोसायचे, आणि मास्तरांनी त्याला एकदा सगळ्यांदेखत "ताटाखालचं मांजर" म्हटलं होतं. आता युद्ध संपून दीड वर्ष झाल्यावर सुरक्षा पोलिसांनी त्याला उचललं होतं. त्यांचा जिल्ह्याचा कॅप्टन हुडेत्स स्वतः हेडविकाच्या घरी आला आणि टेबलावर टाइप केलेला कागद ठेवला.

"कबुलीजबाब. खाली सही आहे, बघा."

तिने सही बघितली. अक्षर थरथरलेलं होतं, पण झोउहारचंच.

"कोर्टात किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"एक सकाळ. या खटल्यांत अपील नाही. निकाल लागला की दोन तासांच्या आत लटकवायचं, असा कायदाच आहे."

हुडेत्सबरोबर व्हिलेम द्रापाल आला होता. तो मास्तरांचा जिवलग, गायनमंडळात दोघं शेजारी उभे राहायचे. युद्धानंतर तो सुरक्षा पोलिसांत हवालदार झाला होता आणि दर हिवाळ्यात तिच्याकडे कोळशाच्या दोन गोण्या आणून टाकायचा. निघताना त्याने तिचा हात हातात घेतला. "वहिनी, आता थोडे दिवस. मग तुम्ही मोकळ्या."

"मोकळी कशाला होतेय," हेडविका म्हणाली. "मला तो लोंबताना बघायचाय, बस्स."

खटला फेब्रुवारीत ह्राडेनच्या, जर्मनांच्या साथीदारांसाठी नेमलेल्या जनन्यायालयात उभा राहिला. न्यायाधीश कायद्याचे डॉक्टर नेरादिल, आणि दोन्ही बाजूंना गावागावांतून निवडलेले चार पंच: एक सुतार, एक रेल्वेचा गार्ड, एक दाई आणि एक शेतकरी. नेरादिल किरकोळ शरीराचे, पोटाच्या अल्सरने पिवळे पडलेले. जेवणाच्या सुट्टीत खिशातून सुका टोस्ट काढून कुरतडत बसायचे. हेडविकाला ते पाहताक्षणी आवडले नाहीत.

झोउहारला आणलं तेव्हा ती वाटेत उभी राहिली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. पहारेकऱ्याने तिला हलकेच बाजूला केलं. झोउहारने थुंकी पुसली नाही. त्याचे हात बांधलेले होते.

न्यायाधीशांनी कबुलीजबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "हे तुमचं म्हणणं?"

"नाही," झोउहार म्हणाला. बोलताना शब्द फसफसले, कारण पुढचे चार दात नव्हते. "मी जर्मनांना बियर पाजली. पैसे कमावले. हांजी हांजी केली. पण पत्र मी लिहिलं नाही."

"मग सही का केलीत?"

"पाचवा दात राहावा म्हणून."

सभागृहात कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. नेरादिल हुडेत्सकडे वळले. "मूळ पत्र कुठे आहे?"

"आमच्या दप्तरात. गोपनीय आहे. नक्कल जोडलीय."

"नकलेवर मी माणूस लटकवत नाही. मूळ पत्र आणा." आणि त्यांनी तारीख पुढे ढकलली.

हेडविकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्यांना जिन्यात गाठलं. "साहेब, माझ्या नवऱ्याला नऊ दिवसांत संपवला. त्याला कुणी तारीख दिली नव्हती. मूळ पत्र मागितलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही कुठे होतात?"

"तीन वर्षं डाखाउच्या छावणीत." ते एक पायरी खाली उतरले. "बाई, तुम्हाला कुणीतरी लटकायला हवाय, की ज्याने लिहिलं तो?"

"मला झोउहार हवाय."

"मग तुम्ही पोलिसांकडेच जा. ते तुम्हाला कुणीही देतील."

तिला वाटलं त्यांच्या थोबाडीत द्यावी. पण घरी परतताना बसमध्ये ते वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं, आणि त्यामुळे ती त्यांच्यावर आणखीच चिडली.

महिनाभर पत्रापत्री चालली. न्यायालयाने मागायचं, पोलिसांनी नाही म्हणायचं. शेवटी नेरादिलनी भर न्यायालयात, वार्ताहर बसलेले असताना जाहीर केलं की मूळ पत्र येत नाही तोवर कॅप्टन हुडेत्सनी पाठवलेला एकही खटला हे न्यायालय हातात घेणार नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं. हुडेत्सने पत्र पाठवलं, ते भीक घातल्यासारखं. त्याला भीती वाटायचं कारणही नव्हतं. आतला मजकूर टाइप केलेला, आणि पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापील अक्षरांत काढलेला.

मार्चमधल्या सुनावणीत न्यायाधीशांनी ते पाकीट हेडविकाला दाखवायला सांगितलं. "तुम्ही पोस्टातल्या. यावर गावाचा शिक्का नाही. असं का?"

तिने पाकीट हातात घेतलं. "रेल्वेच्या टपालडब्याचा शिक्का आहे. पत्र गाडीत जाऊन टाकलंय. गावच्या पेटीत नाही."

"का बरं?"

हेडविकाने पाकीट उजेडाकडे धरलं. गावच्या पेटीत टाकलं तर ते तिच्या चुलीत जाईल हे ज्याला माहीत होतं, त्यानेच असं केलं असतं. चुलीची गोष्ट तिने फक्त आलोइसला सांगितली होती. आणि आलोइसने, त्याच्या पोटात काही राहत नसे म्हणून, एकाच माणसाला.

मग तिने पत्त्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ती पत्ते वाचत होती. माणूस अक्षर बदलतो, पण आकडे बदलायला विसरतो. घर क्रमांक चव्वेचाळीस: दोन्ही चारचे आकडे उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखे. आणि शहराच्या नावाखाली दोन रेघा, दुसरी आखूड. दर आठवड्याला ओलोमोउत्सला जाणारी बुद्धिबळाची पोस्टकार्डं, एकेका चालीचं एकेक कार्ड, हजारदा तिच्या हातून गेली होती. त्यांच्यावर याच रेघा असायच्या.

तिने मान वर केली. व्हिलेम द्रापाल गणवेशात दाराशी बंदोबस्ताला उभा होता. तोही तिच्याकडेच बघत होता.

पुढचे काही क्षण तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. गप्प बसावं. रविवारी याला जेवायला बोलवावं. सुरी धारदार आहे. कुणाच्या बापाला कळणार नाही. पण मग वाटलं, तसं झालं तर गाव म्हणेल, मास्तरांच्या बायकोने त्यांच्या मित्राला मारलं. वेडी झाली बिचारी. नाही. याला ओळख पटवून, नाव घेऊन, सगळ्यांसमोर मारायचा.

"हे अक्षर मी ओळखते," ती म्हणाली. "तो बघा दाराशी उभा आहे. हवालदार द्रापाल."

द्रापालने टोपी सारखी केली, दार उघडलं आणि बाहेर पडला. धावलासुद्धा नाही. न्यायाधीशांनी "अडवा त्याला" म्हणेपर्यंत, न्यायालयाचे दोन म्हातारे पहारेकरी जिना उतरेपर्यंत, खाली पोलिसांची मोटार चालू झालेली होती. हुडेत्स जागचा हललाही नाही.

संध्याकाळी झोउहार सुटला, पण फक्त पायऱ्यांपर्यंत. शेवटच्या पायरीवर हुडेत्सच्या माणसांनी त्याला पुन्हा धरलं. कारण काय, तर जर्मनांना बियर पाजून राष्ट्राच्या सन्मानाला धक्का लावला. नेरादिल खिडकीतून ओरडले की न्यायालयाने सोडलेल्या माणसाला हात लावता येणार नाही. कुणी वर बघितलं नाही. झोउहारला छावणीत मजुरीला पाठवलं. हेडविका तिथेच उभी होती. तिला त्याची कीव आली नाही. तिच्या मनात तेव्हा दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती.

द्रापालच्या अटकेचा हुकूम तिसऱ्या दिवशी परत आला. वर शेरा: या नावाचा कर्मचारी आमच्याकडे नाही.

चौथ्या दिवशी हुडेत्स पोस्टाच्या खिडकीशी आला. तिकिटं मागितली, आणि तिकिटं मोजता मोजता म्हणाला, "मावशी, माणूस चुकतो. त्याने चोरून डुक्कर मारलं होतं, गेस्टापोने पकडलं. डुकरापायी तेव्हा फाशी होती. त्यांनी सोडलं ते कुणाचं तरी नाव निनावी पत्राने कळवायच्या बोलीवर."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"त्याची फाइल माझ्याकडे आहे म्हणून तर तो माझा. असा माणूस कुत्र्यासारखा काम करतो. तुम्हाला झोउहार दिला होता ना? तो घेऊन गप्प बसायचं होतं."

"तिकिटं झाली?" हेडविका म्हणाली. "मागे रांग आहे."

"पेन्शन किती वर्षांवर आलीय तुमची?"

"नवरा गेलेल्या बाईला तुम्ही पेन्शनची भीती घालताय? पुढचा कोण आहे, या पुढे."

सरकारने जनन्यायालयांना चार मेपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर ती बंद होणार होती, आणि मग द्रापालला हात लावणारं कुणीच उरणार नव्हतं. हेडविका दिवस मोजत होती. काम मात्र ती नेहमीसारखंच करत होती, आणि एप्रिलच्या मध्यावर त्या कामानेच तिला हात दिला. द्रापालच्या म्हाताऱ्या आईच्या नावे उत्तर सीमेवरच्या एका गावाहून पाकीट आलं. पाठवणारा म्हणून कुणा कारेल व्ह्ल्कचं नाव. गावाच्या नावाखाली दोन रेघा, दुसरी आखूड.

तिने पाकीट उघडलं नाही. त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता कागदावर उतरवला, पाकीट म्हातारीच्या घरी नेऊन दिलं, आणि दुपारच्या बसने ह्राडेन गाठलं.

नेरादिलनी कागद वाचला. "पोलिसांना सांगितलं तर तो तासाभरात तिथून हलेल."

"मग नका सांगू. तुरुंगाचे शिपाई तुमचे आहेत ना?"

"ते न्यायखात्याचे. पण त्यांनी सीमेपर्यंत जाऊन कुणाला पकडायचं अशी पद्धत नाही."

"साहेब, तुम्ही मला विचारलं होतं, मला कोण हवाय. आता सांगते. हा हवाय."

नेरादिलनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग तिकडच्या न्यायाधीशांना फोन लावला. ते त्यांचे कॉलेजातले सोबती होते. शनिवारी सकाळी तुरुंगाचे चार शिपाई आणि स्वतः नेरादिल न्यायालयाच्या लाकडं वाहायच्या ट्रकमधून निघाले. द्रापाल युद्धानंतर हाकललेल्या एका जर्मन कुटुंबाच्या घरात नाश्ता करत होता. त्याने अंड्याचं टरफल सोलायचं थांबवलं आणि विचारलं, "हुडेत्ससाहेबांना माहीत आहे?" शिपायांनी त्याच्या हातांत बेड्या घातल्या.

मंगळवारी, एप्रिलच्या एकोणतिसाव्या दिवशी, हुडेत्स बारा माणसं घेऊन ह्राडेनच्या तुरुंगाच्या फाटकाशी आला. सगळ्यांच्या गळ्यात मशीनगनी. हातात बदलीचा हुकूम: कैद्याला चौकशीसाठी राजधानीला न्यायचं आहे. फाटकाआड तुरुंगाचे नऊ शिपाई, जुन्या बंदुका घेऊन. मधे नेरादिल.

"हुकूम गृहखात्याचा आहे," नेरादिल म्हणाले. "हा कैदी न्यायखात्याचा. आणि त्याचा खटला चालू आहे."

"कधीपासून?"

"पाच मिनिटांपासून."

खटला तुरुंगातल्या प्रार्थनाघरात चालला, कारण फाटकाबाहेर कैद्याला काढणं शक्य नव्हतं. पंच मागच्या भिंतीतल्या स्वयंपाकघराच्या दारातून आत आले होते. दाईच्या एप्रनला बटाट्याची माती लागली होती. हेडविकाने काळा झगा घातला होता. तिने पाकीट ओळखलं, पोस्टकार्डं ओळखली, चुलीची गोष्ट पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितली. ओलोमोउत्सच्या बुद्धिबळवाल्याने जपून ठेवलेली कार्डं टेबलावर पसरली होती.

द्रापालने नाकारायचा प्रयत्न केला नाही. तो फक्त तिच्याकडे बघून बोलत होता. "वहिनी, ते मला मारणार होते. मला वाटलं मास्तरांना तुरुंगात टाकतील, सहा महिने. शाळामास्तराला कोण गोळ्या घालतं? कोळसा मी उगाच आणला नाही."

"लाल कागद लागल्यावर तू माझ्या घरी आलास," हेडविका म्हणाली. "माझ्या हातची कॉफी प्यायलास. बशीतला केक संपवलास."

"मग काय करायला हवं होतं?"

"रेल्वेच्या डब्यापर्यंत चालत गेलास ना? रूळ तिथेच होते."

सुताराने मान खाली घातली. पंच आत गेले आणि वीस मिनिटांत परतले. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नेरादिलनी शिक्षा वाचली.

आता दोन तास होते. हुडेत्स बाहेरून राजधानीला फोन लावत होता. साडेअकराला तुरुंगाधिकाऱ्याच्या खोलीतला फोन वाजला. नेरादिलनी उचलला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मंत्रिमहोदय लेखी कळवतील तर मी जरूर वाचीन. बारा वाजून पाच मिनिटांनंतर पोहोचलं तरी वाचीन." मग रिसीव्हर ठेवला.

द्रापालने हेडविकाला भेटायला बोलावलं. ती गेली.

"आईला कुणीतरी नीट सांगा," तो म्हणाला. "वर्तमानपत्रातून कळायला नको."

"मला कसं कळलं होतं?"

द्रापाल बाकावर खाली बसला.

"तिचं टपाल माझ्याकडेच येतं," ती म्हणाली. "मीच नेऊन देईन." आणि ती बाहेर आली.

मागच्या अंगणात तिने सगळं बघितलं. डोळे मिटले नाहीत, मानही वळवली नाही. नंतर तिला लोकांनी विचारलं की बरं वाटलं का, तर तिने खरं ते सांगितलं. बरं वाटलं. भूक लागली. तिने तुरुंगाच्या स्वयंपाकघरात बसून शिपायांच्या वाट्याचं कोबीचं सूप आणि पाव खाल्ला, दुसऱ्यांदा वाढून घेतला. नेरादिल समोर बसून टोस्टचा एक तुकडा तोंडात घोळवत होते.

पुढच्या फेब्रुवारीत सरकार बदललं आणि पोलिसांचं राज्य आलं. नेरादिलना नोकरीवरून काढलं, वर्षभरात त्यांना वीटभट्टीवर ढकलगाड्या ओढताना लोकांनी पाहिलं. हुडेत्स मेजर झाला. हेडविकाला पोस्टातून काढून सहकारी गोठ्यात शेण काढायला लावलं. टपालाची गुप्तता मोडली, असं कारण दिलं.

त्याच उन्हाळ्यात झोउहार छावणीतून परत आला. ह्राडेनच्या बसथांब्यावर तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा तिने त्याला आधी ओळखलंच नाही. पोट गेलं होतं, केस गेले होते.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला.

"बसा," ती बाकावर सरकली.

तो बसला.

"मी तुमच्यावर थुंकले होते," हेडविका म्हणाली.

"आठवतंय."

"माफी मागायला पाहिजे."

"मागायला पाहिजे," झोउहार म्हणाला. ती मागेल म्हणून त्याने जरा वाट पाहिली. तिने मागितली नाही, तशी त्याने मान हलवली. "द्रापालला लटकवलं तेव्हा एकदा तरी माझी आठवण झाली? की बाबा, तो अजून दगड फोडतोय?"

"नाही."

"खरं बोललात. मला तिथे दोघांचीच आठवण यायची. एक तुम्ही. आणि एक तो दात पाडणारा. तुमच्यावरचा राग कधीतरी सरला, कसा ते मला माहीत नाही. त्याच्यावरचा सरत नाही. आता मेजर झालाय म्हणे. रोज सकाळी चौकातून पायी जातो." तो आवाज न चढवता, पण स्पष्टपणे त्याचं नाव घेणार इतक्यात हेडविकाने त्याच्या बाहीवर हात ठेवला. थांब्यावर आणखी पाचसहा माणसं होती, आणि त्यातल्या एकाने वर्तमानपत्राचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं.

"इथे नको," ती म्हणाली. "रविवारी घरी या. दुपारी."

"कशाला?"

"कॉफी प्यायला. आणि मला सगळं सांगा. कुठल्या खोलीत, कुठल्या तारखेला, बरोबर कोण होतं, कुणी काय पाहिलं. मी लिहून ठेवते."

"वाचणार कोण? न्यायालय कुठे उरलंय?"

बस आली. हेडविका उठली, शेणाने माखलेल्या बुटांची घाण तिने पायरीवर घासून काढली.

"आज नाही उरलं," ती म्हणाली, आणि आत चढली.